तोफेशेजारचं भोक

तर मुलांनो, आजची गोष्ट आहे २४ एप्रिल १९१८ ची. पहिल्या महायुद्धाचं चौथं वर्ष. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या पूर्वेला विलेर-ब्रेतोनो नावाचं गाव आहे, तिथली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ज्या यंत्राबद्दल आज बोलायचंय ते माणसं मारायला बनवलेलं यंत्र आहे. ते लपवून मी गोष्ट गोड करणार नाही. पण त्याच्या पोटात जे विज्ञान भरलंय, ते मात्र तुम्हा दोघांना कळायलाच हवं.

त्या दिवशी इंग्रजांचे तीन रणगाडे मैदानात उतरले होते. एक नर आणि दोन माद्या.

थोरला हसायला लागला. "आजोबा, रणगाड्यात कुठे नर-मादी असतात?"

असायचे, बाळा! इंग्रजांनी तशी सरकारी नावंच ठेवली होती. ज्या रणगाड्याच्या दोन्ही बाजूंना ५७ मिलिमीटरची एकेक तोफ, तो नर. जिच्यावर तोफ मुळीच नाही, नुसत्या मशिनगन, ती मादी. हिशेब सरळ होता. नराने शत्रूच्या तोफा आणि मोर्चे फोडायचे, आणि खंदकातून उठून नराच्या अंगावर धावून येणाऱ्या पायदळाला मादीने रोखायचं. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये सोमच्या लढाईत जगातले पहिले रणगाडे आले, ते याच दोन जातींचे.

पण विलेर-ब्रेतोनोला समोरून कोण आलं? जर्मनांचा स्वतःचा रणगाडा, ए-७-व्ही. चाकं लावलेली लोखंडी खोलीच म्हणा. पुढे तोफ, आजूबाजूला सहा मशिनगन. रणगाड्याची रणगाड्याशी गाठ पडण्याची ही इतिहासातली पहिली वेळ. दोन्ही माद्यांनी गोळ्यांचा पाऊस पाडला. चिलखतावर नुसत्या ठिणग्या उडाल्या. जर्मन तोफेने मात्र त्यांच्या अंगाला भगदाडं पाडली आणि त्या माघारी फिरल्या. शेवटी लेफ्टनंट फ्रँक मिचेल यांच्या नराने तोफेचे गोळे मारून जर्मन रणगाडा थांबवला. त्यानंतर इंग्रजांनी काही माद्यांच्या एका बाजूला तोफ बसवून टाकली.

"म्हणजे मशिनगन बिनकामाची," धाकटीने निकाल देऊन टाकला.

थांब गं. न्यायाधीशाने दुसरी बाजूही ऐकायची असते. पंचवीस वर्षं पुढे ये. जुलै १९४३, रशियातलं कुर्स्क. दुसरं महायुद्ध. जर्मनांनी एक अजस्र वाहन आणलं, फर्डिनांड. पासष्ट टन वजन, पुढचं चिलखत वीतभर जाड, आणि ८८ मिलिमीटरची अशी तोफ, की दोन किलोमीटरवरचा रशियन रणगाडा फोडावा. फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून बनवलेलं, म्हणून नावही त्यांचंच. ही वाहनं कुर्स्कला उतरली तेव्हा त्यांच्या अंगावर एकही मशिनगन बसवलेली नव्हती. सुरुंगांच्या पट्ट्यातून पुढे घुसली खरी, पण सोबतचं पायदळ मागे राहिलं की खंदकातला रशियन शिपाई जवळ येऊन काय करतोय, याला उत्तरच नाही. लांब नळीच्या तोफेने दहा पावलांवर वाकून बसलेल्या माणसाचं काय वाकडं होणार? जर्मन सेनापती गुडेरियन यांनी पुढे आपल्या आठवणींमध्ये याच उणिवेवर बोट ठेवलं. आता खरं सांगायचं तर यातली बरीच वाहनं सुरुंगांनी आणि बिघाडांनी गेली, सगळा दोष मशिनगनच्या अभावाला देणं चूक ठरेल. पण जी उरली ती दुरुस्तीला मागे नेली, तेव्हा जर्मनांनी त्यांच्या पुढच्या चिलखताला भोक पाडून मशिनगन बसवली. यातून समजायचं ते समजा.

मधल्या काळात नर-मादीचं भांडण मिटलं होतं. फ्रेंचांच्या रेनो एफटी या छोट्या रणगाड्याला १९१७ मध्येच वर गरागरा फिरणारा बुरूज मिळाला. फौजेत त्याला टरेट म्हणतात. पण त्यातही तोफ तरी नाही तर मशिनगन तरी, दोन्ही नाही! दोन्ही एकाच टरेटमध्ये, एकमेकींना चिकटून बसवायची कल्पना पुढे रुळली, आणि तीच आजवर टिकली. तोफेच्या अगदी शेजारी, टरेटच्या तोंडावर एक लहानसं भोक दिसतं ना, ती ही मशिनगन. पुस्तकात तिला समाक्ष मशिनगन म्हणतात, फौजी नुसतं को-ॲक्स म्हणतात. तोफ वर गेली की ती वर, तोफ डावीकडे वळली की ती डावीकडे. गनरने दुर्बिणीतून एकदा नेम धरला की दोन्ही शस्त्रं तयार. मोठं वापरायचं की छोटं, हे त्याने ठरवायचं. चालत्या रणगाड्यात तोफ स्थिर ठेवायला जी यंत्रणा लागते, तिचा फायदा मशिनगनला फुकटात मिळतो. मला विचाराल तर रणगाड्याच्या शंभर वर्षांतली सगळ्यात शहाणी जोडणी हीच.

बाकीच्या मशिनगन आल्या आणि गेल्या. अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यात ड्रायव्हरशेजारी एक खास माणूस बसायचा, पुढची मशिनगन चालवायला. युद्धानंतर त्याची जागा गेली. तिथे जास्तीचे गोळे ठेवणं परवडायचं. रशियाच्या टी-५४ मध्ये तर एक मशिनगन पुढच्या चिलखतात पक्कीच बसवलेली, आणि तिचं बटण ड्रायव्हरच्या हातात. नेम धरायचा तर अख्खा रणगाडा वळवायचा. तीही काही वर्षांनी काढून टाकली.

"पण आजोबा, ती एकामागून एक गोळ्या मारते कशी? आत मोटार असते?" थोरल्याचा प्रश्न. हा मुलगा खेळणी उघडून बसणाऱ्यांतला आहे.

मोटार लागत नाही. बहुतेक मशिनगनना बाहेरून काही ताकद द्यावी लागत नाही. काडतुसात जी दारू जळते तिच्यातलाच थोडा भाग चोरून त्या पुढची गोळी भरतात. ही चोरी दोन तऱ्हांनी करता येते, आणि दोन्ही तऱ्हा दोन माणसांच्या नजरेतून निघाल्या.

पहिला माणूस हायरम मॅक्सिम, अमेरिकेत जन्मलेला, पुढे लंडनला गेलेला. तो सांगायचा की एकदा रायफल झाडल्यावर खांदा दुखून आला. न्यूटनचा तिसरा नियम! गोळी पुढे गेली की बंदूक मागे येणारच. खांदा चोळता चोळता मॅक्सिमच्या मनात आलं, हा धक्का वाया का घालवायचा? हाच मागे येणारा धक्का रिकामी पुंगळी बाहेर फेकील आणि नवं काडतूस आत घालील. १८८४ मध्ये त्याने तशी बंदूक करून दाखवली.

दुसरा माणूस जॉन ब्राउनिंग. अमेरिकेतल्या युटा राज्यात ऑग्डेन गावी त्याच्या बापाचंच बंदुकांचं दुकान होतं. १८८९ च्या सुमाराला नेमबाजीच्या मैदानात त्याने एक गंमत पाहिली. बंदूक झाडली की नळीच्या तोंडाशी असलेलं गवत दर वेळी आडवं व्हायचं. हजारो लोकांनी ते गवत हलताना पाहिलं असेल. ब्राउनिंगने विचारलं, याला हलवतंय कोण? गोळी तर सरळ निघून गेली. हलवणारा होता तो गोळीमागून सुसाट बाहेर पडणारा गरम वायू. म्हणजे त्या वायूत अजून बळ शिल्लक आहे! मग त्याने वायू वापरणारी बंदूक केली. आज हे काम असं होतं: नळीला मध्येच एक बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा वायू छिद्रातून शिरतो आणि खालचा दट्ट्या मागे ढकलतो. दट्ट्या मागे गेला की नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारं कुलूप उघडतं, पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग दट्ट्याला पुन्हा पुढे आणते आणि येताना नवं काडतूस आत सरकतं. हे सगळं सेकंदाला दहा-बारा वेळा.

ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममधल्या एरस्तालच्या कारखान्यात काम करता करताच वारला. त्याच कारखान्यात पुढे एर्नेस्ट व्हर्व्हिए या माणसाने मॅग नावाची मशिनगन बनवली. तिचं कुलूप ब्राउनिंगच्या जुन्या रायफलीवरून घेतलेलं. तीच मॅग आपल्या अर्जुन रणगाड्यात तोफेशेजारी आहे, आणि एम-२४० या नावाने अमेरिकेच्या एब्रम्स रणगाड्यातही आहे. युटामधल्या त्या गवताची पाती थेट आपल्यापर्यंत येऊन पोचली म्हणायची!

टी-७२ आणि टी-९० या रशियन वंशाच्या रणगाड्यांत पीकेटी नावाची मशिनगन असते. एके-४७ वाल्या कलाश्निकोव्ह यांच्या हातची. तिचं रूप फार गमतीचं आहे. खांद्याला टेकवायचा दस्ता नाही, हाताने ओढायचा चाप नाही. गनर बटण दाबतो, तारेच्या वेटोळ्यातून वीज जाते, वेटोळ्याचं चुंबक होतं आणि तेच चाप ओढतं. तुम्ही शाळेत खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलता ना, तोच धडा.

आता उष्णतेकडे या, कारण मशिनगनचा खरा शत्रू तीच आहे. साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. गणित मांडलं तर एका गोळीत ३,३०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा येते. सेकंदाला बारा गोळ्या धरल्या, तर झाली चाळीस किलोवॉट. आपल्या न्हाणीघरातले वीस गीझर एकदम सुरू केल्यासारखं. आणि ही झाली फक्त गोळीने नेलेली ऊर्जा. दारूच्या एकूण शक्तीचा हा जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेल्यातला बराचसा भाग वायूबरोबर बाहेर जातो, पण थोडा नळीच्या पोलादात मुरतो. बोटाएवढ्या जाडीच्या नळीला तो थोडाही फार होतो.

मॅक्सिमने आणि त्याच्या वंशातल्या व्हिकर्सने नळीभोवती पाण्याची टाकीच बसवली होती, चार लिटरच्या आसपास पाण्याची. पाण्याचा गुण बघा. शंभर अंशांवर पोचलं की त्याचं तापमान पुढे वाढत नाही, कितीही जाळ करा. मिळालेली उष्णता ते वाफ होण्यात खर्च करतं, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला २२ लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा लागते. म्हणजे टाकीत पाणी आहे तोवर नळी फार तापूच शकत नाही. वाफ रबरी नळीने डब्यात नेऊन तिचं परत पाणी करायचं आणि तेच पुन्हा टाकीत ओतायचं.

रणगाड्यात ही पाण्याची भानगड फार काळ चालली नाही. जागा अडते, आणि टाकीला गोळी लागली की सगळं ओम फस्! मग नळी जाड केली, झटपट बदलता येईल अशी केली, आणि आणखी एक युक्ती केली. नळी फार तापली की आत बसून राहिलेलं काडतूस कोणी चाप न ओढताच आपोआप उडू शकतं. विचार करा, गनरने बटण सोडलंय आणि बंदूक आपल्या मनाने झाडतेय! म्हणून मॅग आणि पीकेटी यांचं कुलूप गोळीबार थांबला की मागेच अडकून राहतं. नळी मागून-पुढून उघडी, आत काडतूस नाही, हवा खेळती. बटण दाबलं की मगच काडतूस आत जातं आणि लगेच उडतं.

"आणि धूर?" धाकटी आता रंगात आली होती.

शाब्बास. बंद टरेटमध्ये धुराहून वाईट असतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावून बसतो. म्हणून टरेटमध्ये हवा खेचणारे पंखे असतात.

आता रंगीत भाग. मशिनगनच्या पट्ट्यात ठरावीक अंतराने एक वेगळी गोळी असते, ट्रेसर. तिच्या बुडाला पोकळी करून त्यात मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियमचा क्षार भरलेला असतो. गोळी सुटली की बूड पेटतं आणि हवेत लाल रेघ ओढली जाते. दिवाळीत तुम्ही लाल उजेडाची आतषबाजी बघता, तिचा लालपणा याच स्ट्रॉन्शियमचा. बेरियम घातलं तर हिरवा. स्ट्रॉन्शियन नावाचं एक चिमुकलं गाव स्कॉटलंडमध्ये आहे, तिथल्या खाणीतल्या खनिजात हे मूलद्रव्य ओळखलं गेलं, म्हणून हे नाव. ट्रेसरमुळे गनरला आपल्या गोळ्या कुठे पडताहेत ते डोळ्यांनी दिसतं. अर्थात शत्रूलाही त्या कुठून आल्या ते दिसतं. फुकट काही मिळत नाही.

याच लाल रेघेने एके काळी मोठ्या तोफेला नेम धरायला शिकवलं. आजच्या गोष्टीतला हा माझा सर्वांत आवडता भाग.

नळीतून निघालेली कुठलीही वस्तू, गोळी असो की गोळा, निघाल्या क्षणापासून खाली पडायला लागते. पहिल्या सेकंदात जवळजवळ पाच मीटर. पडण्याच्या बाबतीत गुरुत्वाकर्षण वेगाचा मुलाहिजा ठेवत नाही. म्हणून लांबच्या लक्ष्यासाठी तोफ किंचित वर उचलावी लागते. किती वर? ते अंतर कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मैदानावर नुसत्या डोळ्यांनी अंतर ओळखणं महाकठीण. दोन-तीनशे मीटर चुकलात की गोळा एक तर शत्रूच्या पुढ्यात पडणार किंवा डोक्यावरून जाणार.

अमेरिकनांच्या पॅटन एम-४८ मध्ये यासाठी टरेटच्या दोन टोकांना दोन भिंगं बसवलेली, आपल्या दोन डोळ्यांसारखी. डोळे एकमेकांपासून दूर असल्यामुळे आपल्याला खोली कळते. भिंगं आणखी दूर नेली की लांबचंही कळतं. यंत्र हुशार, पण नाजूक आणि शिकायला अवघड. इंग्रजांनी साधी वाट काढली. सेंच्युरियन रणगाड्याच्या तोफेशेजारी त्यांनी १२.७ मिलिमीटरची एक मशिनगन फक्त अंतर मोजायला बसवली. गनरच्या दुर्बिणीत ओळीने खुणा असत. एकेका खुणेवरून तीन-तीन ट्रेसर सोडायचे. ज्या खुणेचे ट्रेसर लक्ष्यावर जाऊन लागले, तिच्या जोडीची तोफेची खूण धरायची आणि तोफ डागायची. अंतर किती मीटर आहे हे गनरला माहीत असायची गरजच नाही! आकडा न विचारता उत्तर काढण्याची ही युक्ती मला अजून थक्क करते. आवडीच्या कारखान्यात बनलेल्या आपल्या विजयंता रणगाड्यातही हीच सोय होती.

आणि १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, खेमकरणजवळ? हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव तुम्ही पुस्तकात वाचलंय. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ, उसाच्या शेतांचा आडोसा, समोर पॅटन. परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. पुस्तकात एक गोष्ट सहसा लिहिलेली नसते. त्या जातीच्या तोफेच्या नळीवर एक छोटी रायफल बसवलेली असते. तिची गोळी आधी सोडायची. ती जिथे लागते तिथे चमकते, आणि ती लागली की मागोमाग मोठा गोळा.

१९६० मध्ये लेझरचा शोध लागला आणि काही वर्षांतच ही अंतर मोजणारी मशिनगन निवृत्त झाली. प्रकाशाची लखलख दीड किलोमीटरवर जाऊन परत यायला सेकंदाचा फक्त एक लाखावा भाग लागतो. तेवढा वेळ मोजला की अंतर हातात. शिवाय शत्रूला लाल रेघ दिसत नाही.

छतावरच्या मशिनगनचं थोडक्यात सांगतो. ती जाड असते, बहुधा १२.७ मिलिमीटरची. विमानांसाठी म्हणून बसवली, पण वापर जास्त झाला तो जमिनीवरच. तिचा घोळ एकच: ती चालवायची तर कमांडरने झाकण उघडून कमरेपर्यंत बाहेर यायचं. कितीतरी कमांडर असे गेले. आपल्या टी-७२ मध्ये अजून तसंच आहे. टी-९० मध्ये कमांडर आत बसूनच ती फिरवतो आणि झाडतो.

"मग आता लेझर आला, संगणक आला," थोरला म्हणाला, "तोफेशेजारची ती छोटी मशिनगन पण जाईल का?"

मला नाही वाटत. टी-९० च्या पीकेटीमध्ये जे काडतूस जातं, ते रशियाच्या झारच्या फौजेने रायफलीसाठी १८९१ मध्ये घेतलेलं आहे. त्याच्या बुडाला जुन्या पद्धतीची कड आहे, त्यामुळे यंत्राला ते आधी पट्ट्यातून मागे ओढावं लागतं आणि मग पुढे ढकलावं लागतं. झार गेला, सोव्हिएत संघ आला आणि गेला, पण ते काडतूस बदलायची कोणाला गरज वाटली नाही. आणि दुसरा हिशेब असा: एब्रम्स रणगाडा तोफेचे गोळे नेतो चाळीसच्या आसपास, आणि मशिनगनच्या गोळ्या नेतो दहा हजारांहून जास्त.

आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. सेंच्युरियन, विजयंता आणि पॅटन तिन्ही तिथे उभे आहेत. गेलात तर मोठ्या नळीसमोर फोटो काढून परत फिरू नका. तिच्या शेजारची भोकं शोधा, किती आहेत ते मोजा, आणि प्रत्येक भोक कशासाठी ते मला येऊन सांगा.